सिल्वासात थांबायचं कुठे

“बेन, शुं मापो छो?”

झंडा चौकात पावलं मोजत चालणाऱ्या बाईला दुकानदाराने असं विचारावं, यात गैर काही नव्हतं. सकाळचे सात वाजत होते. त्याचं शटर नुकतंच वर गेलं होतं, उदबत्ती ओवाळून झाली होती, आणि तेवढ्या वेळात मी हातात वही घेऊन त्याच्या पायरीपासून कोपऱ्यापर्यंत तीनदा जाऊन आले होते. रस्त्यावर कोणी मोजमाप करू लागलं की मागोमाग रुंदीकरण येतं, हे दुकानदाराला सांगावं लागत नाही. मी म्हटलं, “काही नाही हो, पुण्याहून पाहुणे येणार आहेत. त्यांना गाव दाखवायचंय. कुठे उभं करायचं ते बघतेय.”

“गाम?” तो हसला. “एमने दुधनी लई जाओ. अहीं शुं छे?”

दुधनीला मधुबन धरणाचं पाणी आहे, होड्या आहेत, पलीकडे डोंगर आहेत. पाहुण्यांना लोक तिकडेच नेतात. मीही तीस वर्षं तेच करत आले. आम्ही १९९२ साली सिल्वासात आलो, नवऱ्याच्या नोकरीमुळे. इथे सूत-धाग्याचे आणि प्लास्टिकचे कारखाने करसवलतीमुळे भराभर उभे राहत होते, आणि त्या काळी इथे येणारा जो तो ‘दोन-तीन वर्षं बघू’ म्हणूनच यायचा. आम्हीही त्यातलेच. गाव म्हणून सिल्वासाकडे पाहायची वेळ आली ती पुण्याच्या दादामुळे. निवृत्त झाल्यापासून तो आणि त्याचे मित्र रविवारी सकाळी पेठांमधून फिरतात. वाडे, हौद, बारव, एखादी वीरगळ. एक दिवस त्याचा फोन आला. “तुझ्या गावावर पोर्तुगीजांनी पावणेदोनशे वर्षं राज्य केलं. आम्ही नऊ जण येतोय. तू आम्हाला चालव.”

तू आम्हाला चालव. एवढं सोपं वाटत असेल तर ते त्याने होइ आनमध्ये आमच्या गाईडला पाहिलं नव्हतं म्हणून.

मी पाहिलं होतं. आदल्या वर्षी मुलीने आम्हाला व्हिएतनामला नेलं, तेव्हा होइ आन या जुन्या बंदरात अर्धा दिवस पायी हिंडलो. गाईड पंचविशीची मुलगी होती, डोक्यावर तिथली शंकूच्या आकाराची टोपी. पहिला अर्धा तास मी पिवळ्या भिंती, नळीच्या कौलांची छपरं, दारांवर लावलेले लाकडी गोल डोळे असलं सगळं बघत होते. मग लक्षात आलं की गावापेक्षा ही मुलगी बघण्यासारखी आहे. ती थांबायची तेव्हा ऊन नेहमी तिच्या तोंडावर असायचं, आमच्या पाठीवर. डोळे बारीक करून ती बोलायची, आम्ही आरामात बघायचो. मोटारसायकलींचा लोंढा आला की वाक्य मध्येच सोडायची आणि तो गेला की बरोबर त्याच शब्दापासून उचलायची. एका जागी चार मिनिटांपेक्षा जास्त बोलली नाही. आणि जे तोंडाने सांगायचं असतं ते सगळ्यात मागे राहिलेला माणूस येऊन टेकल्याशिवाय सुरूच करत नसे. तो मागे राहिलेला माणूस बहुतेक वेळा माझा नवरा होता.

थू बोन नदीकाठच्या एका व्यापाऱ्याच्या घरात तिने आम्हाला भिंतीवरच्या रेघा दाखवल्या. दर मोठ्या पुराची एक रेघ, शेजारी साल. १९६४ ची रेघ डोक्याच्याही वर. माडीच्या तक्तपोशीत एक झडप होती. पाणी चढलं की त्या झडपेतून माल दोरीने वर ओढून घ्यायचा. ती फक्त झडपेकडे बोट दाखवून गप्प बसली. आम्ही सगळे मान वर करून भोकाकडे बघत राहिलो, आणि पूर म्हणजे काय ते कळलं.

होइ आनला हे जमतं, कारण गाव जागेवर आहे. नदी गाळाने भरत गेली, जहाजं दा नांगला जाऊ लागली, आणि श्रीमंती गेली म्हणूनच घरं पाडून नवी बांधायला कोणाकडे पैसा उरला नाही. हजारावर लाकडी इमारती तशाच राहिल्या. १९८० च्या दशकात क्वियात्कोव्स्की नावाच्या पोलिश वास्तुतज्ज्ञाने त्यांचं मोल ओळखून जतनासाठी धडपड केली. त्याचा पुतळा तिथे आहे. १९९९ साली युनेस्कोच्या यादीत नाव लागलं. आता जुन्या गावात फिरायला तिकीट पडतं. तिथे गाईडने गप्प राहिलं तरी भिंती बोलतात.

एक गोष्ट मात्र मी वहीत लिहून आणली होती. या बंदराला युरोपियन लोक फाइफो म्हणत, आणि सोळाव्या शतकात इथे पोर्तुगीज आले होते. फ्रान्सिस्कू द पिना नावाच्या पोर्तुगीज जेझुइटाने याच भागात राहून व्हिएतनामी भाषा रोमन अक्षरांत लिहायचा प्रयत्न केला. त्या खटपटीतूनच आजची व्हिएतनामी लिपी आली. हे ऐकताना मला फादर स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ आठवलं. अस्सल ओवीबद्ध मराठी, १६१६ सालचं, आणि छापलं रोमन लिपीत. तिथे रोमन अक्षरं रुजली, आपल्याकडे रुजली नाहीत. त्याच साम्राज्याचा एक तुकडा मी जिथे भाजी घेते तिथे होता, आणि मला त्याची एक भिंत दाखवता आली नसती.

म्हणून वही आणि पावलं. दादाला ‘हो’ म्हटल्यावर मी सहा सकाळी सिल्वासात चालले. पहिल्या दोन सकाळी नुसती निराशा. जुनं म्हणावं असं काही डोळ्यांत भरत नाही. मोबाइलची दुकानं, फरसाण, सोन्याचांदीचे शोरूम, बँकांची एटीएम, ‘रूम भाड्याने देणे आहे’च्या पाट्या हिंदीत. कौलारू घर दिसलंच तर त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला चार मजले चढलेले. तिसऱ्या सकाळी मी ‘काय दिसतं’ हा विचार सोडला आणि होइ आनच्या मुलीसारखी फक्त ‘उभं कुठे राहता येईल’ एवढंच बघायला लागले. मग काम सुरू झालं.

कामाचा पहिला भाग सावलीचा. आठ वाजता जिथे गार वाटतं तिथे साडेनऊला डोकं तापतं. प्रत्येक थांब्यावर मी आठ, नऊ आणि दहा वाजता जाऊन सावली कुठवर आली ते लिहिलं. दुसरा भाग आवाजाचा. रिक्षा वळते तिथे हॉर्न वाजतोच, म्हणून वळणापासून वीस पावलं आत. तिसरा भाग साठी ओलांडलेल्या माणसांचा: टेकायला कट्टा हवा, आणि दर पाऊण तासाने स्वच्छतागृह. हा तिसरा भाग इतिहासापेक्षा अवघड निघाला.

चौथा भाग काय बोलायचं त्याचा, आणि त्याहून जास्त काय बोलायचं नाही त्याचा. उदाहरणार्थ, नाव. ‘सिल्व्हा’ म्हणजे पोर्तुगीजमध्ये रान, म्हणून रानाचं गाव ते सिल्वासा, ही गोष्ट इथे सगळे सांगतात. ऐकायला गोड, सांगायला सोपी, आणि पाहुणे लगेच मान डोलावतात. पण पोर्तुगीजांनी १८८५ साली या खेड्यात नगर हवेलीचं मुख्य ठाणं आणलं तेव्हा त्यांनी त्याला दिलेलं नाव होतं ‘व्हिला द पासु द आर्कुश’. पासु द आर्कुश हे लिस्बनजवळचं गाव, आणि तेव्हा गोव्यात गव्हर्नर असलेल्या सरदाराच्या किताबातही तेच. साहेबाचं नाव कागदावर राहिलं, लोक सिल्वासाच म्हणत राहिले. रानाच्या गोष्टीपेक्षा मला ही आवडली. रानाची गोष्ट मी वहीत खोडली.

पहिला थांबा झंडा चौक, त्या दुकानदाराच्या पायरीच्या अलीकडे. चौकाच्या नावातच झेंडा आहे, त्यामुळे २ ऑगस्ट १९५४ ची गोष्ट सुरू करायला वेगळं निमित्त लागत नाही. दरवर्षी त्या दिवशी इथे पोर्तुगीजांच्या हातून सुटल्याचा मुक्तिदिन असतो.

पुण्याच्या माणसांना ही गोष्ट सांगणं म्हणजे मामाला आजोळ सांगणं. कारण त्यातली निम्मी मंडळी पुण्याचीच. २२ जुलैच्या सुमाराला युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सच्या लोकांनी फ्रान्सिस मस्करेन्हास आणि वामन देसाई यांच्या पुढाकाराने दादरा घेतलं. तिथल्या पोलीस ठाण्याचा फौजदार अनिसेतो रोझारियो चकमकीत मारला गेला. आठवड्याभरात नरोली गेली. मग आझाद गोमंतक दल आणि संघाचे स्वयंसेवक सिल्वासाकडे वळले. त्यांत राजा वाकणकर, नाना काजरेकर, बाबासाहेब पुरंदरे, सुधीर फडके. आणि विश्वनाथ नरवणे, ज्यांनी पुढे सोळा भाषांचा ‘भारतीय व्यवहार कोश’ केला. या मोहिमेला पैसा हवा म्हणून लता मंगेशकर पुण्यात गायल्या होत्या. दुसरीकडून परुळेकरांचे कम्युनिस्ट वारल्यांना घेऊन उठले होते. चार मिनिटांत हे बसवायचं आणि कोणाचाही पक्ष खट्टू होऊ द्यायचा नाही, याची मी घरी आरशासमोर तालीम केली. पाच मिनिटं चाळीस सेकंद लागत होते. फडक्यांचं नाव शेवटी घेतलं तर लोक चालायला खूश होऊन निघतात, हे माझ्या आधीच लक्षात आलं होतं.

दुसरा थांबा चर्च. नोस्सा सेन्योरा द पिएदाद, मृत पुत्राला मांडीवर घेतलेली माता. पोर्तुगीज काळाचं उभं असं दाखवायला गावात हेच. पांढऱ्या दर्शनी भिंतीसमोर मोकळं अंगण आहे, आणि सकाळी इमारतीची स्वतःची सावली माणसांना पुरते. इथे मी १ ऑगस्टची रात्र ठेवली. भर पावसाळा. नद्यानाले फुगलेले. कारभारी होता कॅप्टन व्हिर्जिलियो फिदाल्गो. दादरा आणि नरोली गेल्यावर त्याने ओळखलं की सिल्वासा राखता येणार नाही. दीडशेक शिपायांना घेऊन तो खानवेलच्या रानाकडे निघून गेला. मागे उरले मूठभर पोलीस आणि एक पाद्री. २ तारखेला गाव फारसा प्रतिकार न होता पडलं. फिदाल्गो ११ ऑगस्टला भारतीय हद्दीत उदव्याला शरण आला.

त्या पाद्र्याविषयी मला फार वाटतं. राज्य गेलं, साहेब गेला, आणि हा आपला मागे. अंगणात उभं राहिलं की त्या रात्रीचा पाऊस त्याच्या बाजूने ऐकू येतो. पण हे मी पाहुण्यांना सांगणार नव्हते. गाईडने आपलं मन मोकळं करायचं नसतं, असं होइ आनच्या मुलीकडे बघून वाटलं होतं.

तिथून जवळच आदिवासी संग्रहालय. तारपे, मासे धरायची साधनं, भवाड्याचे मुखवटे, दागिने. संग्रहालयात मी फार बोलायचं नाही असं ठरवलं. एवढंच की पेशवे, पोर्तुगीज, मुक्तीनंतरची वरिष्ठ पंचायत, भारत सरकार अशी राज्यं बदलली तरी शेत कसणारे वारली, कोकणा, धोडिया तेच राहिले, आणि वर ज्यांची नावं घेतली त्यांच्यापैकी बहुतेक जण इथले नव्हते. माझ्यासकट.

तिसरा थांबा सगळ्यात महत्त्वाचा आणि दिसायला सगळ्यात गरीब. कलेक्टर कचेरीच्या रस्त्याला एक झाड, त्याखाली चहाची टपरी, स्टँपपेपरची झेरॉक्स काढून देणारं दुकान, फायली धरून बसलेली माणसं. सिल्वासाचा खरा वाडा हाच. कारण हे गाव दगडविटांचं कधी नव्हतंच. हे कागदाचं गाव आहे.

१७७२ मध्ये मराठ्यांच्या आरमाराने ‘सांताना’ नावाचं पोर्तुगीज जहाज धरलं. त्याच्या भरपाईचं घोंगडं भिजत पडलं. पुढे इंग्रजांशी लढाई सुरू झाली. वडगावला इंग्रजांना नमवून वर्षही झालं नव्हतं, पुण्याला मित्र हवे होते, आणि १७ डिसेंबर १७७९ रोजी पोर्तुगीजांशी तह झाला. तह सवाई माधवरावांच्या नावाने. त्यांचं वय साडेपाच वर्षं. कारभार अर्थात नाना फडणवीसांचा. तहाचा एक भाग असा की पोर्तुगीजांना वर्षाला बारा हजार रुपये उत्पन्नाची गावं द्यायची. पुण्याच्या दफ्तरातून ती मिळायला आणखी साडेतीन वर्षं गेली. त्या बाबतीत काळ फारसा बदललेला नाही. १७८३ च्या जूनमध्ये नगर हवेली परगण्यातली गावं त्यांच्या हाती पडली, १७८५ मध्ये दादरा.

कोणी जिंकलं नाही, कोणी हरलं नाही. बारा हजारांची बेरीज जमेपर्यंत गावांची नावं लिहीत जायची. म्हणून तर नकाशा इतका विचित्र: दादरा वेगळं पडलेलं, मध्ये दुसऱ्याचं लवाछा, मग नगर हवेली, आणि नगर हवेलीच्या पोटात पुन्हा मघवाल हे गुजरातचं गाव. डोंगर-नदीकडे बघून काढलेली ही रेघ नाही, ही वसुलीच्या वहीतली रेघ आहे.

आणि त्या वहीतले शब्द पुढे हेगला पोचले. पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारतावर दावा लावला, की आमच्या मुलखात जायला तुमच्या मुलखातून वाट द्या. भारताच्या बाजूने सेटलवाड उभे होते, न्यायासनावर भारतातर्फे मुंबईचे छागला. तिथे तहाच्या मराठी आणि पोर्तुगीज मजकुरांवर वाद रंगला. पेशव्यांच्या सनदेत गावं ‘जागीर’ किंवा ‘सरंजाम’ म्हणून दिली आहेत. जागीर म्हणजे वसूल खायचा हक्क, की राज्य? जगभरचे न्यायाधीश ‘सरंजाम’ या शब्दाचा कीस काढतायत, हे चित्र मला फार आवडतं. न्यायालयाने मानलं की मराठ्यांनी दिला तो फक्त वसूल, सार्वभौमत्व नव्हे. ते पोर्तुगीजांचं आहे असं पुढे इंग्रजांनी गृहीत धरलं. १२ एप्रिल १९६० च्या निकालात दोघांच्याही पदरात काही ना काही पडलं. माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यापुरता वाटेचा हक्क पोर्तुगालला होता. सैन्य आणि हत्यारबंद पोलिसांचा नव्हता, तो एका मताने हुकला, आठ विरुद्ध सात. आणि भारताने आपल्या कर्तव्यात कसूर केलेली नाही.

तोवर इथे वरिष्ठ पंचायतीचा कारभार चालू होता. पोस्टात सापडलेल्या पोर्तुगीज तिकिटांवर ‘लिबरेटेड एरियाज’ असा शिक्का मारून तीच वापरली. सात वर्षं हा मुलूख धड कोणाचाच नव्हता. विलीनीकरणाच्या करारावर सही करायला राज्यप्रमुख हवा, म्हणून बदलानी नावाच्या आयएएस अधिकाऱ्याला ११ ऑगस्ट १९६१ रोजी पंतप्रधान करण्यात आलं. एका दिवसापुरतं. त्यांनी पंडित नेहरूंच्या तोडीस तोड सही केली.

हे सगळं एका झाडाखाली. शेजारी फायलीवाले. त्यांच्यातल्या एखाद्याच्या तोंडून अजूनही ‘अलवारा’ शब्द ऐकू येतो. १९१९ च्या पोर्तुगीज जमीन कायद्याखाली सरकारने कसायला दिलेल्या जमिनींचे हे परवाने. त्यांचे खटले पोर्तुगीज गेल्यावर पन्नास वर्षांनीही दिल्लीपर्यंत चालू होते. हा शब्द कानावर पडला की मी बोलता बोलता थांबणार होते, होइ आनची मुलगी झडपेखाली थांबली तशी.

डिसेंबरातल्या एका रविवारी पाहुणे आले. आणि रविवारी कचेरी बंद असते.

हे माझ्या सहा सकाळींत एकदाही लक्षात आलं नव्हतं, कारण मी सोमवार ते शनिवार चालले होते. झाडाखाली टपरी नाही, झेरॉक्स नाही, फायली नाहीत. एक कुत्रं आणि वाळलेली पानं. चर्चमध्ये मिस्सा चालू होती, त्यामुळे अंगणात गाड्या आणि माणसं, आणि माझी मोजलेली सावली एका पांढऱ्या मोटारीने घेतलेली. त्यात वहिनींना स्वच्छतागृह हवं होतं. मी हेरून ठेवलेल्या हॉटेलात आधी नऊ चहा सांगा, मग किल्ली, असं झालं. चहाला वीस मिनिटं गेली.

झंडा चौकात मात्र सगळं जमलं. दुकानदाराने मला ओळखलं, पाण्याची बाटली पुढे केली आणि मागे उभं राहून सगळं ऐकलं. फडक्यांचं नाव निघाल्यावर वहिनींचे डोळे चमकले. दादाच्या मित्रांपैकी एक जण म्हणाले, “आमचे काका गेले होते यात. घरात कोणी विश्वास ठेवायचं नाही. पोरगा कुठेतरी पावसात भिजून आला, एवढंच आजीला माहीत.” माझी चार मिनिटं तिथेच संपली आणि त्यांची पंधरा सुरू झाली. होइ आनच्या मुलीने अशा वेळी काय केलं असतं ते मला ठाऊक नाही. मी ऊन तोंडावर घेऊन उभी राहिले.

संग्रहालयात सगळे तारप्यापाशी रेंगाळले. भोपळा, बांबू आणि ताडपत्र एवढ्यातून आवाज कसा निघत असेल, यावर तिथेच वाद झाला. दोन इंजिनिअर होते, त्यामुळे तो मिटला नाही.

मग ते सुनसान झाड. सनदेची गोष्ट मी सांगितली, सरंजाम सांगितला, आठ विरुद्ध सात सांगितलं. लोक ऐकत होते, पण डोळे इकडेतिकडे काहीतरी शोधत होते. शेवटी एका इंजिनिअर गृहस्थांनी विचारलंच, “हे सगळं उत्तम. पण यातलं बघायचं काय?”

शनिवारवाड्यात उभं राहून नाही विचारत कोणी असं. तिथेही दगडी तट आणि दरवाजा सोडला तर बघायला जोतीच आहेत. पण दरवाजा केवढा! मला थोडा राग आला, आणि मग कळलं की त्यांचं बरोबर आहे. गाईडने बोट कशाकडे तरी दाखवायलाच हवं. भिंतीवरची रेघ, माडीतली झडप. माझ्याकडे रेघ होती. मी माणसांना तिच्यापासून लांब, एका झाडाखाली उभं केलं होतं.

“चला,” म्हटलं, “रिक्षा करू.” हे वहीत नव्हतं.

तीन रिक्षांतून आम्ही वापीच्या रस्त्याला लागलो. पिपरिया, कारखान्यांच्या भिंती, मग लवाछा. रिक्षावाल्याला मी सांगितलं होतं की हद्द आली की सांग. त्याला पेशव्यांचं काही माहीत नव्हतं, पण हद्द पावलापावलाने माहीत होती. सिल्वासाची हद्द संपता संपता दोन्ही बाजूला बार आणि वाइन शॉप. लवाछा सुरू झालं तशी एकदम बंद. किराणा, टायर पंक्चर, देऊळ. दादरा आलं आणि पुन्हा पाट्या सुरू. दादरा संपता संपता तर एकाला एक लागून दुकानं, आणि त्यानंतर वापीकडे पुन्हा एकही नाही.

“बस्स,” रिक्षावाला म्हणाला, “आगे गुजरात. ड्राय.”

सगळे उतरले. शेवटच्या वाइन शॉपच्या बंद शटरसमोर मी त्यांना उभं केलं. सावली मोजली नव्हती, पण पत्र्याची पडवी होती. म्हटलं, हे दुकान इथे आहे आणि दहा पावलं पुढे नाही, याचं कारण १७८५ साली दादरा बारा हजारांच्या बेरजेत धरलं गेलं, आणि पुढचं गाव धरलं गेलं नाही. पेशवे गेले, इंग्रज गेले, पोर्तुगीज गेले, गुजरातेत दारूबंदी आली. कारकुनाने जिथे एका गावाचं नाव लिहिलं आणि दुसऱ्याचं नाही, तिथे आता शटर आहे.

इंजिनिअर गृहस्थ दुकानाच्या या कडेपासून पलीकडच्या पंक्चरवाल्यापर्यंत चालत गेले. पावलं मोजत. परत आले आणि म्हणाले, “बारा.”

पायरी झाडणारा पोरगा केरसुणी हातात धरून आमच्याकडे बघत होता. पांढऱ्या केसांची दहा माणसं, रविवारी सकाळी, बंद शटरसमोर अर्धवर्तुळात उभी. त्याने थोडा वेळ वाट पाहिली. मग अदबीने दादाला म्हणाला, “काका, ग्यारह बजे खुलेगा.”

दादाने घड्याळ बघितलं. वीस मिनिटं होती.